बेळगाव भागातल्या हिंदू-मुस्लिम एकत्र सभांचं प्रदर्शन गावात कसं उभारावं (१९१६ ते १९२४)

बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातलं एखादं वाचनालय, तरुण मंडळ आणि मशिदीची जमात एकत्र आली तर हे काम होण्यासारखं आहे. पाच-सहा विश्वासू माणसं आणि चार महिने लागतात. पैसा त्यामानाने कमी लागतो. डिसेंबर १९२४ च्या काँग्रेसच्या बेळगाव अधिवेशनाची शताब्दी होऊन गेली आणि त्या निमित्ताने पुष्कळ छापून आलं, पण गावपातळीवर कुणाच्या पेटीत काय आहे हे शोधायचं बहुतेक राहूनच गेलं. ज्यांना ते करायचं आहे त्यांच्यासाठी ही कृती.

एक गोष्ट पहिल्या बैठकीतच ठरवून घ्या. दोन हात जोडलेलं चित्र आणि खाली ‘हिंदू-मुस्लिम भाई भाई’ असा फलक लावला की काम झालं असं होत नाही. ती एकी माणसांनी मेहनतीने बांधली होती. पाणी, जेवण, नमाजाची वेळ, सभेची भाषा, घोषणांचा क्रम आणि पैशाचा हिशोब यांतून ती बांधली गेली, आणि काही ठिकाणी ती तडकलीही. दोन्ही गोष्टी कागदासह मांडल्या तरच बघणारा थांबून वाचतो. तडा लपवला की दाराशी उभा असलेला पहिला जाणकार सगळंच खोटं ठरवून निघून जातो.

आधी कालपट आखा

भिंतीवर सहा फुटी कागद लावा आणि त्यावर खालचे टप्पे लिहा. पुढे मिळेल तो प्रत्येक कागद यांतल्या कुठल्या तरी टप्प्याला जोडायचा.

पहिला टप्पा १९१६. एप्रिलच्या अखेरीस बेळगावात मुंबई प्रांतिक परिषद भरली आणि त्याच वेळी लोकमान्य टिळकांनी स्वराज्याची मागणी करणारी होमरूल लीग इथेच स्थापन केली. अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर. गांधीजीही या परिषदेला होते. त्याच वर्षी डिसेंबरात लखनौ करार झाला. काँग्रेस आणि मुस्लिम लीग एका मागणीवर आले आणि त्यासाठी काँग्रेसने मुसलमानांचे स्वतंत्र मतदारसंघ मान्य केले. फलकावर हे दुसरं वाक्य गाळू नका. पुढच्या बऱ्याच वादाची मुळं तिथे आहेत.

दुसरा टप्पा १९१९ ते १९२१, खिलाफत आणि असहकार. खिलाफत म्हणजे तुर्कस्तानच्या खलिफाचं पद, ते टिकावं म्हणून इथल्या मुसलमानांनी चळवळ उभारली होती. १७ ऑक्टोबर १९१९ या शुक्रवारी देशभर खिलाफत दिन पाळला गेला. १ ऑगस्ट १९२० ला असहकार सुरू झाला आणि नेमक्या त्याच दिवशी टिळक गेले. नोव्हेंबर १९२० मध्ये गांधीजी निपाणी आणि बेळगावात बोलले. १ जुलै १९२१ रोजी शेजारच्या धारवाडात दारूच्या दुकानापुढच्या निदर्शनांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात खिलाफतीचे तीन कार्यकर्ते मेले. बेळगाव जिल्ह्यातली अनेक मंडळं हा प्रसंग विसरतात, कारण तो आपल्या हद्दीबाहेरचा वाटतो. पण दारूबंदीच्या निदर्शनात खिलाफतीचे मुसलमान कार्यकर्ते जीव गमावतात, यापेक्षा एकत्र लढ्याचा जवळचा पुरावा या भागात दुसरा नाही. तो फलक अवश्य करा.

तिसरा टप्पा उताराचा. चौरीचौऱ्याच्या हिंसेनंतर फेब्रुवारी १९२२ मध्ये चळवळ थांबली. ३ मार्च १९२४ ला तुर्कस्तानने स्वतःच खिलाफत रद्द केली. सप्टेंबर १९२४ मध्ये सरहद्द प्रांतात कोहाटला दंगल झाली आणि तिथले हिंदू रावळपिंडीला गेले. गांधीजींनी दिल्लीत मौलाना महंमद अली यांच्या घरी २१ दिवसांचा उपवास सुरू केला. तो चालू असतानाच दिल्लीत ऐक्य परिषद भरली.

चौथा टप्पा म्हणजे बेळगाव, २६ आणि २७ डिसेंबर १९२४. काँग्रेसचं ३९ वं अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव. स्वागताध्यक्ष हुदलीचे गंगाधरराव देशपांडे. आदल्या वर्षीचे, काकीनाड्याचे अध्यक्ष महंमद अली होते, म्हणजे अध्यक्षपद एका मौलानांकडून गांधीजींकडे आलं. त्याच आठवड्यात याच गावात डॉ. सैफुद्दीन किचलू यांच्या अध्यक्षतेखाली खिलाफत परिषद भरली आणि पंडित मदनमोहन मालवीय यांच्या अध्यक्षतेखाली हिंदू महासभेचं अधिवेशनही झालं. ज्या खिलाफतीसाठी परिषद, ती संस्था नऊ महिन्यांपूर्वीच संपलेली, आणि शेजारच्या मांडवात महासभा. बेळगाव ही भरतीची वेळ नव्हती. ओहोटी लागलेली असताना माणसं पुन्हा एकदा एकत्र बसत होती. प्रदर्शनाचा सगळा जीव या एका गोष्टीत आहे, म्हणून चौथ्या टप्प्याला निम्मी जागा द्या.

छापील कागद कुठे मिळतात

बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. म्हणून सरकारी कागद बंगळुरात शोधत बसू नका, ते मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत. गृह खात्याच्या विशेष शाखेच्या फायली मागायच्या. जाण्याआधी साल, जिल्हा आणि विषय लिहून अर्ज करा. नुसतं ‘बेळगाव अधिवेशन’ म्हटलं की एक फाईल मिळते. ‘खिलाफत’, ‘स्वयंसेवक’, ‘दारू दुकान निदर्शनं’, ‘वर्तमानपत्रं’ असे चार विषय दिले तर दहा मिळतात.

शहापूरचं मात्र वेगळं. आज ते बेळगावातच मुरलं आहे, पण तेव्हा सांगली संस्थानात होतं. शहापुरात शिरलं की ब्रिटिश हद्द संपायची आणि कायदा बदलायचा. त्यामुळे शहापुरातली सभा मुंबईच्या फायलीत सापडली नाही म्हणून ती झालीच नाही असं ठरवू नका. संस्थानी दप्तर वेगळं असतं, सांगली आणि कोल्हापूरकडे विचारा. जमखंडी, रामदुर्ग, कागल या बाजूच्या गावांनाही हेच लागू.

गांधीजींची भाषणं संग्रहित वाङ्मयात आहेत आणि ती इंटरनेटवर फुकट वाचता येतात. ऑगस्ट १९२४ ते जानेवारी १९२५ हा काळ जुन्या छापील आवृत्तीच्या २५ व्या खंडात येतो. नंतरच्या संगणकीय आवृत्तीत खंडांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे दोघांनी दोन आवृत्त्या वापरल्या की पानांचा घोळ होतो. सगळ्यांनी एकच आवृत्ती धरा आणि टिपणात खंडाबरोबर भाषणाची तारीखही लिहा. तारीख चुकत नाही, पान चुकतं.

वर्तमानपत्रांत पुण्याचा ‘केसरी’ आणि बेळगावचा १९१९ पासूनचा ‘तरुण भारत’ आधी बघा. गावातल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात बांधीव अंक असतील तर फोटोकॉपी मागू नका. शंभर वर्षांचा कागद दाबला की घडीवर तुटतो. मोबाईलने वरून फोटो घ्या. सरकार तेव्हा देशी वर्तमानपत्रांचा साप्ताहिक इंग्रजी गोषवारा काढत असे. त्यात आज न मिळणाऱ्या मराठी, कानडी आणि उर्दू पत्रांतले उतारे सापडतात. फक्त लक्षात ठेवा, ती निवड सरकारने स्वतःला धोका वाटला त्याचीच केलेली आहे.

घरोघरी जाताना

इथे घाई चालत नाही. प्रत्येक घरी दोघांनी जायचं, एक हिंदू घरातला आणि एक मुसलमान घरातला. निपाणीच्या गल्लीत असो की बेळगावच्या दर्ग्याजवळ, ही जोडी दारात दिसली की अर्ध्या शंका तिथेच मिटतात. मुसलमान घरात आधी जमातीच्या सदरांना (अध्यक्षांना) सांगून जा आणि हिंदू घरात गल्लीतल्या पंचांना किंवा वाचनालयाच्या ज्येष्ठांना. बायकांशी बोलायला बाईच हवी, कारण चरखा, सूत आणि पाहुण्यांचं जेवण यांच्या आठवणी त्यांच्याकडे जास्त असतात.

१९२४ ची सभा डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आता भेटणार नाही. भेटतात नातवंडं, पणतवंडं. म्हणून प्रश्न बेतून विचारा. ‘तुमचे आजोबा गांधीजींना भेटले होते का?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’ येणारच, आणि ते तपासता येत नाही. त्याऐवजी असं विचारा:

- आजोबा बेळगावला कसे गेले, गाडीने, बैलगाडीने की पायी? रात्री कुणाकडे उतरले?
- जेवले कुठे? सगळ्यांची पंगत एक होती की वेगळी?
- घरात चरखा कधी आला, कोण चालवायचं, कधी बंद पडला?
- त्या वेळचं कुणी वेगळ्या धर्माचं माणूस घरी येत-जात होतं का? बसायचं कुठे, पाणी कशातून दिलं जायचं?
- ते येणं-जाणं कधी थांबलं?

शेवटचे दोन प्रश्न अवघड आहेत. ते शेवटीच विचारा, आणि उत्तर आलं नाही तर दुसऱ्यांदा विचारू नका.

आवाज नोंदवताना मोबाईल माणसापासून दीड हातावर, टेबलावर दुमडलेल्या रुमालावर ठेवा, म्हणजे टेबलाची थरथर येत नाही. पंखा बंद, कुकर उतरवून झालेला. सुरुवातीलाच नाव, गाव, तारीख आणि ‘हे प्रदर्शनात ऐकवायला माझी हरकत नाही’ एवढं त्यांच्याच तोंडून घ्या. लेखी संमतीही घ्या, त्यांच्या भाषेत लिहिलेली. तासाभराच्या वर बसू नका, वयस्कर माणूस थकतो आणि मग तुम्हाला बरं वाटेल तेच सांगू लागतो.

पेटीत काय असू शकतं? टिळक स्वराज्य फंडाच्या १९२१ च्या पावत्या, खिलाफत समितीच्या एक रुपयाच्या पावत्या, स्वयंसेवकांचे बिल्ले, खादीच्या टोप्या, सभेचे हस्तपत्र, तुरुंगातली पत्रं. एक रुपयाची खिलाफत पावती पहिल्या नजरेत नोटेसारखी दिसते, म्हणून घरचे तिला जुनं चलन समजून नाण्यांच्या डब्यात ठेवतात. त्या डब्यात बघायला सांगा. मराठी घरातली त्या काळची पत्रं आणि हिशोब बरेचदा मोडीत असतात, ‘वाचता येत नाही’ म्हणून बाजूला टाकलेले कागद आधी मागा. मोडी वाचणारा एक आणि हाताने लिहिलेली उर्दू वाचणारा एक, असे दोघे जाणकार सुरुवातीपासून सोबत घ्या. छापील उर्दू येणाऱ्या माणसाला घाईचं हस्ताक्षर लागेलच असं नाही, जुन्या मदरशातले शिक्षक इथे उपयोगी पडतात.

मूळ कागद घराबाहेर नेऊ नका, हा नियम मोडायचा नाही. तिथेच नक्कल घ्या. खिडकीशेजारी टेबल, कागदाखाली काळं कापड, बाजूला मोजपट्टी, फ्लॅश बंद. दिवा लागलाच तर दोन, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, नाहीतर घडीची सावली अक्षरावर पडते. सोबत छोटा स्कॅनर असेल तर कागदाला ३०० डीपीआय आणि फोटोला ६०० डीपीआय पुरे. पाठची बाजूही घ्या, फोटोमागे लिहिलेलं नाव बऱ्याच वेळा फोटोपेक्षा मोलाचं निघतं. काचेत चिकटलेला फोटो सोडवायचा प्रयत्न करू नका, आपल्याकडच्या पावसाळी ओलीने तो काचेला धरलेला असतो आणि ओढला की चेहराच निघून येतो. काचेसकट, थोडा तिरका धरून फोटो घ्या. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको.

प्रत्येक फाईलच्या नावात गाव, घराचा क्रमांक, वस्तू आणि साल हवं. ‘आयएमजी ४५३२’ या नावाचा फोटो महिन्याभराने कुणाच्या घरचा होता हे कुणालाच सांगता येत नाही.

तारखा आणि आकडे तपासणं

घरच्या कागदावर तीन प्रकारच्या तारखा येतात: शक, हिजरी आणि इंग्रजी. शक असेल तर त्यात ७८ मिळवा. मात्र जानेवारीपासून पाडव्यापर्यंतची तारीख असेल तर ७९. शके १८४६ चा मार्गशीर्ष म्हणजे डिसेंबर १९२४, आणि अधिवेशनाचा पहिला दिवस नेमका अमावास्येचा, शुक्रवार. हिजरीत तो जमादिलावल १३४३ चा शेवट. हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे संध्याकाळच्या सभेची हिजरी तारीख एक दिवस पुढची लिहिलेली असू शकते, आणि चंद्रदर्शनावरून आणखी एखादा दिवस इकडेतिकडे होतो. वार लिहिलेला असेल तर तोच धरा, वार क्वचितच चुकतो.

गर्दीचे आकडे जपून घ्या. पोलीस कमी सांगतात, आयोजक जास्त. मांडवाची मापं मिळाली तर स्वतः हिशोब करा. जाजमावर मांडी घालून बसलेल्या माणसाला साधारण ५ चौरस फूट जागा लागते. १०० फूट बाय ८० फूट मांडवात ८,००० चौरस फूट, म्हणजे दाटीवाटीने १,६०० माणसं. वाटा आणि व्यासपीठ वजा केलं की आणखी कमी. अशा मांडवाला कुणी ‘दहा हजार’ लिहिलं असेल तर फलकावर आकडा देऊ नका, मांडवाचं माप द्या.

प्रत्येक दाव्यापुढे तीनपैकी एक खूण करा: त्या वेळच्या कागदात आहे, नंतरच्या पुस्तकात आहे, किंवा घरच्या सांगण्यात आहे. तिसऱ्या प्रकारचं काढून टाकायचं नाही, पण फलकावर ‘घरात सांगितलं जातं’ असं स्पष्ट लिहायचं. वारंवार येणाऱ्या काही चुका अशा. असहकार बेळगावात सुरू झाला असं लिहितात; खरं तर विदेशी कापडावरचा बहिष्कार सोडून बाकीचा असहकार इथे स्थगित झाला. मुस्लिम लीगचं अधिवेशनही इथेच झालं म्हणतात. डिसेंबर १९२४ चं लीगचं अधिवेशन मुंबईत होतं. होमरूल लीग पुण्यात स्थापन झाली असंही छापतात.

फलक

बारा ते चौदा फलक पुरे. त्याहून जास्त झाले की शेवटचे कुणी वाचत नाही. आकार ए-टू, म्हणजे ४२० बाय ५९४ मिलिमीटर, सनबोर्डवर. फ्लेक्स चमकतो आणि ट्यूबलाइटच्या उजेडात अक्षर दिसत नाही. मथळा ८० ते ९० पॉइंट, मजकूर २८ च्या खाली नको. फलकाचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर, आणि दोन ओळींमध्ये दीड मीटर वाट ठेवा, म्हणजे चाकाच्या खुर्चीलाही वळता येतं.

भाषा तीन: मराठी, कानडी, उर्दू. एका फलकावर तिन्ही बसवायच्या तर मराठी मजकूर ७० शब्दांच्या वर जाऊ देऊ नका. प्रत्येक भाषेत तो मजकूर नव्याने लिहून घ्या, शब्दाला शब्द लावलेला अनुवाद तिथल्या माणसाला लगेच खुपतो. बाहेरच्या नामफलकावर कोणती भाषा किती मोठी, हे आधी महापालिकेत किंवा पंचायतीत विचारून घ्या. आपल्या भागात उद्घाटनाच्या सकाळी हा वाद निघाला तर प्रदर्शन बाजूला राहतं.

छपाईत हमखास घोळ होतो तो टंकाचा. मराठी श्रीलिपीत, कानडी नुडीत, उर्दू इनपेजमध्ये, आणि छपाईवाल्याच्या संगणकावर तिन्हीपैकी एकच. मग उर्दू अक्षरं सुटी होतात, कानडीच्या जागी चौकोन येतात. मजकूर युनिकोडमध्येच घ्या, आणि फाईल देण्याआधी सगळी अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे टंकाशिवाय छापता येणाऱ्या आकृतींत) करून द्या. त्यानंतर ए-फोरवर एक नमुना छापून तीन भाषांच्या तीन वाचकांना द्या आणि सही घ्या. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, म्हणून छायाचित्रांची मालिका आणि बाण त्या मजकुरात उलटे हवेत. हे विसरलं की उर्दू वाचणाऱ्याला घटना उलट क्रमाने घडल्यासारख्या दिसतात.

कुठले फलक हवेतच? दिल्लीचा उपवास आणि ऐक्य परिषद. कोहाटवरचा अधिवेशनातला ठराव. एकाच आठवड्यातल्या तीन सभा: काँग्रेस, खिलाफत, महासभा. हुबळीच्या डॉ. ना. सु. हर्डीकरांचं हिंदुस्थानी सेवा दल, म्हणजे काँग्रेसचं स्वयंसेवक दल. टिळकवाडीतली, अधिवेशनासाठी खोदलेली विहीर. आणि एक फलक असा, ज्यावर फक्त तुमच्या गावातली नावं असतील. तो सर्वांत जास्त वेळ बघितला जातो, म्हणून तो वाटेच्या मध्ये लावा. दाराशी लावला तर गर्दी आत सरकत नाही.

सुताची लड

बेळगावात ठरलं की काँग्रेसच्या सभासदाने वर्गणीच्या चार आण्यांऐवजी महिन्याला २,००० यार्ड सूत द्यायचं, स्वतः कातलेलं किंवा दुसऱ्याकडून मिळवलेलं. हा आकडा फलकावर लिहून कुणाला समजत नाही, तो हातात द्यावा लागतो. २,००० यार्ड म्हणजे सुमारे १,८२९ मीटर. खादी केंद्रात गुंडी (सुताची लड) १,००० मीटरची मिळते, म्हणजे दोन गुंड्यांना थोडं कमी. हुदलीचं खादी केंद्र जवळच आहे, तिथून हातकताईच्या दोन गुंड्या आणा. एक तशीच ठेवा, दुसरी टेबलावर उघडून लोकांना हाताळू द्या.

शेजारी पेटी चरखा आणि कातणारी एक बाई किंवा पुरुष बसवा. दिवसाला ६१ मीटर पडले तर महिन्याचा वाटा पुरा होतो. जमिनीवर ६१ मीटरची खडूने रेघ ओढा, मैदानात किंवा शाळेच्या व्हरांड्यात. मुलं त्या रेघेवरून चालत जातात आणि एका दिवसाचं काम किती, ते पायाला कळतं. पेळू (कातायच्या पिंजलेल्या कापसाच्या वळ्या) हुदलीहूनच घ्या, दुकानातल्या औषधी कापसाचं सूत निघत नाही, धागा दर दोन हातांवर तुटतो. पावसाळी हवेत पेळू ओलसर झाला तर थोडा वेळ उन्हात ठेवा.

वाचनसभा

शेवटच्या दिवशी एक तासाची सभा घ्या, आणि ती त्या काळच्या नियमांनीच चालवा. सप्टेंबर १९२० मध्ये गांधीजींनी ‘यंग इंडिया’त गर्दी कशी सांभाळावी याच्या तपशीलवार सूचना लिहिल्या होत्या. दोन महिन्यांनी ते निपाणी-बेळगावला आले. सूचना अशा होत्या: नवखे स्वयंसेवक मोठ्या सभेला घेऊ नयेत. सूचनांची पुस्तिका प्रत्येकाच्या खिशात असावी. सगळे स्वयंसेवक पाहुण्यांभोवती जमू नयेत, गर्दीत जागोजागी पसरावेत. स्टेशनात मोठी गर्दी नेऊ नये आणि इतर उतारूंची वाट अडवू नये. घोषणा ठरलेल्या वेळीच द्याव्यात.

घोषणांचाही क्रम त्यांनी सुचवला होता: आधी ‘अल्लाहू अकबर’, मग ‘वंदे मातरम्’ किंवा ‘भारत माता की जय’, मग ‘हिंदू-मुसलमान की जय’, आणि तिन्ही सर्वांनी मिळून. हा तपशील वाचून दाखवा. तुमच्या सभेत मात्र घोषणा देऊ नका. शंभर वर्षांत या शब्दांवर बरंच काही चढलं आहे, आणि एका कोपऱ्यातून एकच घोषणा मोठ्याने निघाली तर पुढचा तास तिच्यातच जातो.

वाचायला तीन उतारे घ्या: अध्यक्षीय भाषणातला हिंदू-मुस्लिम प्रश्नावरचा भाग, कोहाटचा ठराव, आणि तुमच्या गावातून मिळालेलं एखादं पत्र किंवा पावती. प्रत्येकाला आठ मिनिटं. मराठी घरातला वाचक उर्दू पत्राचा मराठी मजकूर वाचेल आणि मुसलमान घरातला वाचक मोडीतून उतरवलेलं पत्र, अशी अदलाबदल करा. दोघांनी आठवडाभर आधी तीन वेळा मोठ्याने वाचून बघावं. नावं अडखळत वाचली की ज्या घरचं पत्र आहे ते दुखावतात. त्यानंतर वीस मिनिटं प्रश्न, आणि ते चिठ्ठीवर लिहून घ्या. माईक गर्दीत फिरवला की प्रश्नाऐवजी भाषण सुरू होतं.

वेळ ठरवताना स्थानिक मशिदीचं वेळापत्रक हाताशी ठेवा. डिसेंबरअखेर बेळगावात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मगरिबची (सूर्यास्तानंतरची) नमाज आटोपली की साडेसहाला सुरू करून इशाच्या (रात्रीच्या नमाजाच्या) आधी संपवता येतं. शुक्रवारी दुपारी काही ठेवू नका. खाणं शाकाहारी, पाणी सगळ्यांना एकाच ठिकाणी. त्या काळी पंगती कशा होत्या हे तुम्ही घरोघर विचारून आला आहात, तेव्हा हे जपा.

तारीख आणि परवानगी

२६ डिसेंबरची तारीख मनात असते, पण त्या महिन्यात बेळगावात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. बंदोबस्त, मोर्चे, सभागृहं भरलेली. त्यात परवानगी शेवटच्या दिवसापर्यंत लटकते. शहरात करायचं असेल तर सप्टेंबरातच अर्ज द्या, नाहीतर जानेवारीचा दुसरा आठवडा धरा. खेड्यात ही अडचण कमी. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी भाषिकांचा काळा दिवस दोन्ही असतात, त्याच्या आसपास घरोघरी फिरणं थांबवा. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तोही बघून घ्या. कागद शोधायचं काम पावसाळ्यात वाचनालयात बसून करा आणि घरच्या पेट्या दसऱ्यानंतर उघडा, म्हणजे ओल धरलेला कागद वाळलेला असतो.

पोलीस ठाण्याला दिलेल्या अर्जात कार्यक्रमाचा विषय, वक्त्यांची नावं, ध्वनिक्षेपकाच्या वेळा आणि दोन्ही बाजूंच्या दोन-दोन जबाबदार माणसांच्या सह्या द्या. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक चालत नाही. फलकांच्या मजकुराची एक प्रत अर्जासोबत आपणहून जोडली तर चौकशी लवकर आटोपते. कुठल्याही पक्षाचा झेंडा, आणि आजच्या कुठल्याही पुढाऱ्याचा फोटो आत घेऊ नका, देणगी दिली असली तरी. देणगीदारांचा एकच फलक, बाहेर, अक्षर २४ पॉइंट.

नंतर

प्रदर्शन उतरवल्यावर आठवड्याच्या आत प्रत्येक घरी पुन्हा जा. त्यांच्या कागदाच्या नकलेचा चांगला छाप, आवाजाची फाईल आणि ज्या फलकावर त्यांचं नाव होतं त्याचा फोटो द्या. कुणी काही दुरुस्ती सांगितली तर ती तारखेसह वहीत लिहून घ्या. सगळ्या फाईलींच्या तीन प्रती करा: एक वाचनालयात, एक जमातीकडे, एक गावाबाहेर. दरवर्षी दिवाळीनंतर तिन्ही उघडून बघा, कारण नुसत्या ठेवलेल्या पेन ड्राइव्ह दोन-तीन वर्षांत दगा देतात. घरच्यांना मूळ कागद ठेवायला आम्लरहित कागदाचं पाकीट आणि पत्र्याचा डबा द्या, आत कडुनिंबाचा पाला नको, त्याचे डाग पडतात. प्लास्टिकची पिशवी काढून टाकायला सांगा आणि डबा जमिनीपासून दोन फूट वर, भिंतीपासून सुटा ठेवून या.